हत्याराला पाय लावायचा नाही

राग यावा अशी माणसं या पृथ्वीतलावर पुष्कळ आहेत. पण आलेला राग गिळावाच लागेल असा माणूस एकच, मुलीचा सासरा. शेजाऱ्याशी भांडता येतं, साहेबाला पाठीमागे शिव्या देता येतात. व्याह्यांसमोर मात्र कानशिलं तापलेली असतानाही "हो, बरोबर आहे तुमचं" असं हसून म्हणावं लागतं. आमचे व्याही पंचवटीत राहतात, मी इंदिरानगरात. मध्ये गोदावरी आहे म्हणून हे नातं टिकलं, असं मी घरी म्हणतो आणि बायको मला गप्प करते.

व्याह्यांचे वडील दिंडोरीचे सुतार. व्याह्यांनी स्वतः जन्मभर सरकारी कचेरीत खुर्ची झिजवली, पण वडिलांची एक शिकवण काही सोडली नाही: हत्याराला पाय लावायचा नाही. आता पटाशी आणि रंध्याचं मी समजू शकतो. यांच्या हत्यारांत मिक्सरची वायर येते, मोबाइलचा चार्जर येतो, इस्त्री येते. पाय लागला की जिथे असतील तिथे वाकणार, वस्तूला हात लावून कपाळाला लावणार. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात चालू टेबलफॅनला पाय लागला म्हणून हे वाकले, आणि मागून लाडवांचं ताट घेऊन येणारा माझा भाऊ यांच्या अंगावरून पलीकडे गेला. स्कूटरसुद्धा त्यांनी बटणाने सुरू होणारी बाजारात आल्यावरच घेतली. "मग ब्रेक पायानं कसा दाबता?" असं मी एकदा विचारलं. "ब्रेकनं गाडी थांबते, इवाई," ते म्हणाले. "थांबवायला पाय चालतो. चालवायला नाय." मी हो, बरोबर आहे तुमचं, म्हणालो.

निवृत्तीनंतर त्यांनी स्क्रोल सॉ घेतली. ही टेबलावर बसवलेली, विजेवर चालणारी बारीक पात्याची करवत. पातं खालीवर नाचतं, आपण फळी दोन्ही हातांनी फिरवायची आणि नक्षी कापायची. हात मात्र खरोखर देवाचा. नात्यातल्या प्रत्येक दारावर त्यांनी कापलेली अक्षरं आहेत, आणि माझ्या मुलीच्या दाराच्या पाटीवर तिचं नाव नवऱ्याच्या आधी आहे. पण करवतीचं बटण मागे. गेल्या वर्षी फळी पात्यात अडकली आणि उड्या मारायला लागली. ह्यांनी बटणाकडे एक हात नेला आणि दुसऱ्या हाताचं बोट पात्याखाली गेलं. टाके पडले. विहीणबाईंनी दवाखान्यातच सांगितलं, "पायाचा स्विच बसवा. परत एकदा रक्त दिसलं तर मशीन भंगारात."

मी अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला जन्म काढला, म्हणून स्विच निवडायला मला नेलं. रविवार कारंजावरच्या दुकानदाराने दोन समोर ठेवले. एक असा की एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद. दुसरा असा की पाय ठेवलाय तोवरच चालू.

"यात पाय किती वेळ लागतो?" व्याह्यांनी विचारलं.

"काम होईपर्यंत, काका."

"अन् त्यात?"

"दोनदा."

"मग तो द्या. पाप कमी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, घाबरलेला माणूस पाय उचलतो, दाबत नाही! फळी उडाल्यावर स्विच कुठाय म्हणून पायाने चाचपत बसणार का? पण दुकानात चार माणसं होती आणि नातं नाजूक होतं. मी दात आवळून दुसरा उचलला. तळाला रबर होतं, म्हणजे तो फरशीवर सरकणार नव्हता. वर लोखंडी टोपी होती, म्हणजे लाकूड पडून करवत आपोआप सुरू होणार नव्हती. "हाच," मी म्हणालो. माझा आवाज बहुधा चढला असावा.

घरी जोडून दिला. व्याह्यांनी पाय ठेवला, करवत सुरू झाली. लगेच पाय काढला, वाकले, स्विचला नमस्कार केला. पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार. दुपारभरात एक काना कापून झाला नाही. शेवटी मला राहवेना. मी ओरडलो. लग्नानंतर पहिल्यांदा, त्यांच्याच घरात, माझी मुलगी स्वयंपाकघरात असताना. "तुमचे वडील लाकूड पायातच धरून कापायचे ना? मग?"

"लाकडाला पाय चालतो," तेही ओरडले. "हत्याराला नाय! खंडेनवमीला झेंडू वाहायचा अन् दुसऱ्या दिवशी लाथ घालायची?"

मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही ठेवा पाय. हत्यार तुमचं नाय. तुम्हाला पाप लागत नाय."

तेव्हापासून दर रविवारी मी, मुलीचा बाप, व्याह्यांच्या गॅलरीत स्टुलावर बसून स्विचवर पाय ठेवत होतो. "दाबा." "सोडा." "दाबा." पेपर वाचायला बंदी. खोकलो तरी "पाय हलला" म्हणून बोलणी. मुलगी चहा ठेवून जाताना पदरात हसायची. परतताना होळकर पुलावर मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण एक खरं, मी तिथे बसून नक्षी कधी पाहिली नाही. त्यांची बोटंच पाहायचो.

म्हणूनच त्या रविवारी सागाची फळी अडकून उडाली तेव्हा त्यांच्या तोंडून "सोडा" निघायच्या आत माझा पाय वर होता. पातं बोटाला टेकून थांबलं होतं. मग ते खाली वाकले. मला वाटलं, पडलेली फळी उचलताहेत. त्यांनी माझ्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"अहो, काय हे! मुलीच्या बापाच्या पाया पडतात?" मी संतापून उठलोच.

"गप बसा, इवाई. बोट माझं हाय."

त्याच आठवड्यात फोन आला. "रविवारी येऊ नका. माझं बोट तुमच्या पायाच्या भरवशावर टाकून मला झोप येत नाय. मी माझाच पाय ठेवतो." विहीणबाई सांगतात, आता पाय धुऊन बसतात, सुरुवातीला एक नमस्कार, उठताना एक. दहाही बोटं शाबूत आहेत, करवत जागेवर आहे. मला बरं वाटायला हवं, आणि वाटतंही. पण किती रविवार झाले! स्विचचं जाऊ दे, नुसतं चहाला या म्हणायला काय जातं या माणसाचं? मी आपण होऊन गेलोही असतो. पण मुलीच्या सासरी बोलावल्याशिवाय जायचं कसं?