वेरूळ न दाखवणारे काका

आमच्या थोरल्या काकांइतका वाईट यजमान अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात सापडायचा नाही, आणि हे मी अभिमानानं सांगते. ज्याला पटत नसेल त्यानं पटवून घेऊ नये. माझा जन्म टेक्सासचा, आई-बाबा मूळचे इथले. मेच्या अखेरीस शाळा सुटली की आम्ही काकांच्या सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरी येऊन पडायचो. शेजारच्या वहिनी गॅलरीतून विचारायच्या, "आले का अमेरिकेचे पाहुणे?" काका खालूनच ठणकावायचे, "पाहुणे नाय. घरची पोरगी हाय, सुट्टीला आली." तिकडच्या झोपेच्या सवयीनं मी पहाटेच टक्क जागी असायचे, आणि काकांनी त्याचा फायदा घेतला नसता तरच नवल. चक्की उघडायच्या वेळेला ज्वारीचा डबा माझ्या हातात. आई म्हणायची, "दादा, अहो, कालच तर आलीय ती." त्यावर काका म्हणायचे, "मग दळण काय पाहुण्यानं आणायचं?" माठाच्या पाण्यानं माझं पोट बिघडलं की घरभर समाधानानं सांगत फिरायचे, "रुळतंय, रुळतंय."

नात्यात कुणी गेलं की भेटायला जाताना मला बरोबर घ्यायचेच. एकदा फुलंब्रीला कुणा लांबच्या आजींच्या घरी त्यांनी मला खुशाल बायकांच्यात नेऊन बसवलं. मी तेव्हा लहान, त्या आजींना जन्मात पाहिलेलं नाही. बायका रडायला लागल्या, उकाडा मरणाचा, मलाही रडू फुटलं. परतीच्या एसटीत काका कंडक्टरला सांगत होते, "तिकडं जन्मली, पण आपल्या माणसासाठी लई रडली बघा." कंडक्टरनं माझ्याकडं आदरानं पाहिलं.

वेरूळचं मात्र नाव काढायचं नाही. तिकडं शाळेतल्या बाईंनी लेण्यांचे फोटो दाखवले, तेव्हा वर्गातल्या इतरांसारखी मीही ती पाहिलेली नव्हती. कन्नडच्या बाजाराला जाताना रस्ता वेरूळवरूनच जातो. मी खिडकीला नाक लावून विचारायचे, "काका, ते काय?" "डोंगर हाय," ते म्हणायचे. मी हट्ट केला, रडले, एकदा तर जेवले नाही. "लेणी पाहुण्यांना दाखवतात. तू पाहुणी हायेस का? व्हय म्हण, आत्ता नेतो." व्हय म्हणायची माझी कधी छाती झाली नाही.

यंदा बऱ्याच वर्षांनी आले, तीही जेमतेम आठवड्याच्या रजेवर. काकूंचे गुडघे धरलेत, त्यांना त्रास नको म्हणून हॉटेलात उतरले. काका भेटायला आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. खुर्चीच्या काठावर टेकले, हवापाण्याचं बोलले, आणि म्हणाले, "उद्या गाडी सांगितलीय. वेरूळ बघून घे. लई लांबून लोक येतात." इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"मला नाही बघायचं," मी म्हटलं.

"अगं, पण गाडी सांगितलीय."

"नाय म्हणजे नाय. मी घरी येतेय."

सामान कोंबलं, हॉटेल सोडलं. रिक्षानं घर गाठलं. घरात शिरून मी पंख्याखाली बसणार, तोच त्यांनी फर्मावलं, "बसतीस काय? कूलरमधलं पाणी संपलंय. भर आधी."

मी भरलं. त्यांना आता बादली उचलवत नाही. ते नुसते दारात उभं राहून सांडतंय, सांडतंय करत होते. वेरूळ एवढी शतकं थांबलंय, अजून थांबेल. काका आहेत तोवर मी ते बघणार नाही.