येलदरीची काचेची नाव

येलदरीच्या जलाशयात दसऱ्याच्या आठवड्यात एक शिडाची नाव पालथी पडली आणि तिच्यातला एक तरुण बुडाला. नामांतर आंदोलनाचे दिवस होते. आमच्या पोलीस ठाण्यातले निम्मे मनुष्यबळ बंदोबस्तावर होते. नोकरीत मृत्यूचे पंचनामे पुष्कळ केले, पण हा अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

नाव फायबरग्लासची, जुन्या बांधणीची, लांबच्या सफरीसाठी केलेली. नौदलातून निवृत्त झालेल्या मालकाने ती मुंबईहून ट्रकवर आणली होती. गावकरी तिला ‘काचेची नाव’ म्हणत. बुडालेला तरुण मालकाचा धाकटा भाऊ. त्याच्यासोबतचा नावाडी पोहून काठाला लागला, आणि संशय त्याच्यावरच आला. दोघांचे भांडण धरणावरच्या लोकांनी ऐकले होते.

मालकाची फिर्याद ठाम होती. “ही नाव वाऱ्याने आडवी होते, पण पालथी राहत नाही. बुडातलं वजन तिला परत उभी करतं. कुणीतरी मुद्दाम उलटवली आहे.”

खुनाचा गुन्हा दाखल करून नावाड्याला अटक केली. त्याचा जबाब शेवटपर्यंत बदलला नाही. “भांडलो, खरं हाय साहेब. वारं लय हाय, मोठं शीड उतरवा म्हनलं. धाकटे मालक म्हनले, भेलास काय रे? झोत आला, नाव आडवी झाली. मी वाट बघितली. उठलीच न्हाई.”

“एकटा माणूस ही नाव उलटवू शकेल?” मी मालकाला विचारले.

“शक्य नाही.”

“मग?”

तो मला काठावर ओढून आणलेल्या नावेकडे घेऊन गेला. सुरुवातीच्या काळात बांधणाऱ्यांचा फायबरग्लासवर पुरता भरवसा नसे, म्हणून जुन्या नावांचे कवच जाड असते. या कवचाला बाहेरून तडा नव्हता. कारण आत शोधणे भाग होते.

अशात देवगाव फाट्यावरून निरोप आला. तिथे भंगारवाल्यासमोर चहाचा गाडा लावणारा आमचा खबऱ्या होता. निरोप एवढाच : “काचेच्या नावेचा शिसा इकलाय.” आमच्याकडे काचेला शिशा म्हणतात आणि बोलताना श आणि स एकच होतात. हवालदाराने नावेच्या केबिनच्या खिडक्या तपासल्या. सगळ्या काचा जागेवर होत्या. खबर खोटी, असा शेरा तो मारणार होता. मी थांबवले. खबर ज्या तोंडातून निघाली त्याच तोंडातून पुन्हा ऐकायची, ही माझी रीत होती.

खबऱ्या आला तो चिडूनच. “काच न्हवं ओ हवालदारसाब! जड शिसा. जाळ्याला गोळे लावतेत त्यो. भंगारवाल्याची तागडी मोडायली होती.”

“मग सरळ शिसं म्हण की!” हवालदार म्हणाला.

“मंग मी काय म्हनलो?”

त्याच दिवशी पंचांसमोर नावेच्या तळाची फळी उचलली. खालच्या, वजन ठेवायच्या पोकळीवर फायबरग्लास सांधायच्या रेझिनचा ताजा थर होता. तो फोडल्यावर शिशाच्या विटांऐवजी नदीतले गोटे निघाले. उन्हाळ्यात नावेची डागडुजी परभणीच्या एका मिस्त्रीने केली होती. त्याला आणले.

“जे व्हतं तेच ठिवलं साहेब,” तो म्हणाला.

मी त्याच्या एका हातात भंगारवाल्याकडे सापडलेली, जप्त केलेली शिशाची वीट दिली, दुसऱ्यात तेवढाच गोटा. विटेचा हात खाली गेला.

“दगड बी जडच असतेत की,” तो हळूच म्हणाला. “खड्डा गच्च भरला व्हता साहेब. मोकळा न्हाई ठिवला.”

पोलिसांसमोरचा हा कबुलीजबाब न्यायालयात टिकणार नव्हता. म्हणून प्रत्यक्ष चाचणी घ्यायचे ठरवले. डोलकाठी शाबूत होती. गोटे पुन्हा पक्के बसवून नाव पाण्यात सोडली, डोलकाठीच्या शेंड्याला दोर बांधून पाण्यापर्यंत आडवी ओढली आणि दोर सैल केला. ती उठली नाही.

मग भंगारवाल्याकडून जप्त केलेले शिसे मालकाच्या देखरेखीखाली पोकळीत घट्ट बसवले. नाव पुन्हा आडवी ओढली. या वेळी दोर मालकाने स्वतः धरला होता. त्याने तो सोडला. नाव उभी राहिली.

पंचांनी सह्या केल्या. मिस्त्रीला अटक झाली. नावाड्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात गेला आणि त्याच आठवड्यात तो सुटला.