मान हलली की सावधान

अमेरिकेत, आमच्या बेलव्ह्यूच्या मराठी लग्नांत मी फोटो काढतो आणि बायको मंगलाष्टकं म्हणते. दोघंही हौशी. गेल्या पंधरा वर्षांत आमचं असं जमलंय की तिच्या शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट खाली येतो आणि माझं बोट आपोआप बटणावर पडतं. पुढचं सगळं सोपं, कारण मराठी लग्न फोटोग्राफरसाठी थांबतं. नवरामुलगा मंगळसूत्र अर्ध्यावर धरून माझ्याकडे बघत हसतो. गुरुजीसुद्धा तुपाची पळी हवेत धरून ठेवतात. नीट आलं नाही तर मी म्हणतो, पुन्हा एकदा. आणि पुन्हा एकदा होतं.

एवढ्या अनुभवावर मी रोडिओचे, म्हणजे उधळलेल्या घोड्यावर आठ सेकंद टिकून राहायच्या खेळाचे, फोटो काढायला निघालो. खांद्यावर बऱ्यापैकी मोठ्या दुधीभोपळ्याएवढी नवी लेन्स. डोंगर ओलांडून तीन तास ड्राइव्ह केलं. बायको सोबत आली, कारण घोडा माझ्या अंगावर आलाच तर एक तरी साक्षीदार हवा, असं तिचं म्हणणं.

आम्हाला दुसऱ्या रांगेत, घोडा बाहेर सोडतात त्या गेटच्या अगदी समोर जागा मिळाली. बायकोच्या पलीकडे सत्तरीची एक बाई बसली होती. डोक्यावर फिकट रंगाची मोठी हॅट, मांडीवर पॉपकॉर्नची बादली. लेन्स बघून तिने विचारलं, तुम्ही प्रोफेशनल का? मी विनयाने डोळे मिटले. बायकोने माझा पाय तुडवला, पण तोवर मी प्रोफेशनल होऊन बसलो होतो.

मग तिने सांगितलं. आज तिचा मुलगा शेवटचं घोड्यावर बसणार होता. गुडघे गेले होते आणि डॉक्टरने यापुढे सक्त मनाई केली होती.

“बारा वर्षं तो हे करतोय, हनी, आणि दर वेळी मी हॅट तोंडावर धरते,” ती म्हणाली. “त्याला जमिनीवर भरपूर पाहिलंय. घोड्यावर कधीच नाही.”

लोकांनी काढलेले फोटो तिच्याकडे होते, पण सगळ्यांत तो मातीत पडलेला. घोड्यावरचा एक फोटो तिला हवा होता, फक्त एक. मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. नाटकातले राजे देतात, अगदी तसं.

पहिला स्वार आला आणि गेला. कॅमेऱ्यात बघितलं तर एक शेपूट. दुसऱ्याच्या वेळी उघडं गेट आणि आत कोणी नाही. तिसरा आमच्यासमोरच धाडकन आपटला आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, “वन्स मोर, प्लीज!” पुढच्या रांगेतल्या सगळ्या हॅट एकदम मागे वळल्या. शटरचा वेग मी दोन हजारावर नेऊन ठेवला होता. उशीर शटरला होत नव्हता, मला होत होता.

“अरे, तो आधी मान हलवतो,” बायको म्हणाली. “मान हलवली की ते गेट उघडतात. तुला दिसत नाही का?”

मला कसं दिसणार? माझा डोळा लेन्सला चिकटलेला, आणि लेन्स घोडा जिथे उडी मारेल तिथे रोखलेली. शेवटी असं ठरलं की स्वाराच्या हनुवटीकडे तिने बघायचं आणि मला इशारा द्यायचा. ‘गो’ म्हणून उपयोग नव्हता, तिथे हजार माणसं ‘गो’च म्हणत होती. या मैदानात दुसऱ्या कुणाच्याही तोंडून येणार नाही असा एकच शब्द आमच्याकडे होता, आणि माझं बोट त्यावर पंधरा वर्षं तयार झालेलं होतं.

पुढच्या स्वाराने मान हलवली. “सावधान!” घोड्याचे चारही पाय हवेत, आयाळ ताठ, आणि सगळं सुरीसारखं शार्प. त्याच्या पुढचाही तसाच. मी स्क्रीन दाखवली तेव्हा त्या बाईने माझ्या दंडावर थाप मारली. एवढ्यात माइकवरून तिच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं.

तिचा चेहरा उतरला. हात मोकळे हवेत म्हणून तिने पॉपकॉर्नची बादली बायकोकडे दिली, हॅट काढली आणि दोन्ही हातांनी तोंडासमोर धरली. मी लेन्स गेटवर रोखली. बायकोही आता लग्नघरातल्यासारखी गंभीर झाली होती. गेटमागे कुठेतरी मान हलली आणि तिने नुसतं ‘सावधान’ न म्हणता, सुरात, लांबवून, सगळं म्हटलं, “शुभमंगल सावधान!” आणि ओंजळभर पॉपकॉर्न उधळले.

तिचा दोष नाही. त्या शब्दावर मराठी हात मुठीतलं टाकतोच. वारा समोरून होता, त्यामुळे सगळं परत आलं. माझ्या महागड्या कॅमेऱ्याने समोरचा सगळ्यात जवळचा पॉपकॉर्न हेरला आणि इमानेइतबारे त्याच्यावर फोकस केलं. उरलेले शेजारच्या हॅटवर टपटपले. हॅटवर काय आपटतंय ते बघायला म्हातारीने ती खाली घेतली.

समोर तिचा मुलगा हवेत होता.

मी बटण सोडलं नव्हतं, पण बघत तिच्याकडे होतो. हॅट हळूहळू तिच्या मांडीवर आली. घोडा वाकला, उसळला, गर्रकन फिरला, आणि ती त्याच्याबरोबर बाकावर डावी-उजवीकडे कलत होती. आठ सेकंदांनी भोंगा वाजला तेव्हा तो घोड्यावरच होता.

नंतर मी घाबरत स्क्रीन चाळली. एकोणतीस फोटो. पहिल्या काहींत पॉपकॉर्न उत्तम आले होते, आणि फोकस तिथेच अडकल्याने सगळ्यांत मागे धुरकट तपकिरी काहीतरी, जे घोडा असू शकतं किंवा सोफा. बायको माझ्याकडे बघत नव्हती. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण म्हातारीचं लक्षच नव्हतं.

मुलगा लंगडत स्टँडपाशी आला. चाळिशीचा, धुळीने माखलेला. कठड्यावरून वाकून त्याने तिच्या गालाला गाल लावला आणि विचारलं, संपलं, आता डोळे उघडलेस ना?

“तू जीभ बाहेर काढतोस,” ती म्हणाली.

“काय?”

“घोड्यावर. पूर्ण वेळ जीभ बाहेर. लहानपणी गणितं करताना काढायचास, तशी.”

त्याने बाहीने तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाला, हे तुला कोणी सांगितलं?

“सांगायला कशाला हवं?” तिने हॅट झटकून डोक्यावर घातली. “आणि डावा खांदा फार वर उचलतोस. चांगलं दिसत नाही ते.”