आखणीवाली मावशी आणि माझं बडोदं

गणपतीचा एक डोळा आखून झाला की दुसरा होईपर्यंत मावशी कुणाशी बोलायची नाही. चहा गार होऊ दे, फोन वाजू दे. एकदा तिचा जावई पेढे घेऊन रामवाडीच्या मूर्तींच्या कारखान्यात आला, नातू झाल्याचं सांगायला. बिचारा दारातच ताटकळला! दुसऱ्या डोळ्याची रेघ संपली, तेव्हा कुठे मावशी म्हणाली, "आता बोला, जावईबापू." देव अर्धवट बघत ठेवायचा नसतो, असं तिचं म्हणणं.

मी रोह्याची. बारावीच्या सुट्टीत तिच्या हाताखाली लागले, पुढे बी.एफ.ए. करतानाही दर सीझनला येत राहिले. मावशी वडखळकडच्या मिठागरवाल्यांची लेक, शाळा चौथीपर्यंत. पण माझी रेघ हलली की हातातून ब्रशच काढून घ्यायची. "श्वास घेतलास ना मधीच? पूस." पहिल्या वर्षी मी तिला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, ते सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या वर्षी एम.एफ.ए.साठी माझी दोन ठिकाणी निवड झाली, मुंबईला आणि बडोद्याला. मुंबईच्या मुलाखतीत चित्रांचं तोंडभर कौतुक झालं. बडोद्याच्या बाईंनी मात्र मी काढलेली माणसं ओळीने मांडली आणि विचारलं, "या सगळ्यांचे डोळे सारखेच कसे?" बघते तर काय, माझे बाबा, मासेवाली, एसटीचा कंडक्टर, सगळे गणपतीसारखे प्रसन्न बघतायत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोलवीला कंपनीत असलेला दादा म्हणाला, "मुंबई घे. शनिवार-रविवार घरी येशील." मलाही तेच हवं होतं, कारखाना सुटला नसता. मावशीला सगळं सांगितलं तर ती हसतच सुटली. "कंडक्टरचा गणपती केलास? चल, माझं तोंड काढ. पण बघून काढ."

ती खिडकीशी बसली. काढता काढता मी तिच्या उजव्या डोळ्यापाशी आले आणि हात थांबला. बुबुळावर सायीसारखा पडदा होता. इतकी वर्षं तिला खेटून बसत होते, आणि मला पत्ता नाही!

"मावशी, मोतीबिंदू?"

"व्हय. दर साल म्हनते, गणपती झाले की ऑपरेशन करू."

"मग मी मुंबईच घेते. शनिवारी येऊन आखणी करीन."

"नको गो. माझा डोळा तुला आज दिसला. हितं राहशील तर पुन्हा माझ्या आखणीचेच डोळे काढत बसशील. बडोद्याला कळव."

मी भांडले, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि मग कळवलं.

त्या गणपतीनंतर तिचं ऑपरेशन झालं, पण नीट दिसायला लागलं तरी हाताची पूर्वीची रेघ परत आली नाही. मावशीने आखणी सोडली तेव्हा मी तिथे नव्हते. ते मला अजून डाचतं.

परवा बाईंनी माझी नवी चित्रं पाहून पाठ थोपटली. "आता प्रत्येक जण आपापल्या डोळ्यांनी बघतोय," म्हणाल्या. मी हसून आभार मानले, होस्टेलवर आले आणि ढसाढसा रडले. माझ्या चित्रांतून मावशी गेली होती.