झाकणभाऊ

श्वास रोखून काम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नमुना बाटलीतून फ्लास्कमध्ये पडेपर्यंत झाकणभाऊ श्वास घेत नसत. "तोंडाची वाफबी पानीच हाय ना, साहेब," म्हणायचे. वैनगंगेकाठच्या मासेमार ढिवराच्या घरातले, लहानपणापासून बुड्या मारलेले, त्यांना ते सहज जमे. मला मात्र नेमका तेव्हाच खोकला यायचा.

चांद्याच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत जंगलातला डिंक आणि लाख तपासायला येई. मालात पाणी किती, हे उग्र वासाचं तपकिरी औषध थेंबथेंब सोडून मोजायचं. पाणी आहे तोवर रंग उडतो; संपलं की टिकतो. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. नागपूरहून बी. एस्सी. होऊन आलो होतो, मिजास होतीच. भाऊ हुद्द्याने शिपाई, पण दिवसभर आरोळी त्यांचीच, "झाकण!" नाव पडलं ते त्यावरून.

एका श्रावणात गडचिरोलीकडच्या एका गावाचा डिंक आला. अख्ख्या गावाने उन्हाळाभर जंगल तुडवून गोळा केलेला. पाणी जास्त निघालं तर सगळा माल परत जाणार होता. गावचे दोघं सकाळपासून ओसरीत बसून होते. माझ्या मोजणीत पाणी भरमसाट निघालं. मी 'नापास' लिहिलं आणि कागद भाऊंपुढे सरकवला. 'तपासणी समक्ष झाली' अशी त्यांचीही सही लागे.

"मी सही नाई करत."

"काऊन?" मी मुद्दाम त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तुमी डिंकाचं पानी नाई मोजलं, साहेब. श्रावनाचं मोजलं. खल धुतला, फडक्यानं पुसला, खिडकीपाशी कुटत बसले, अन् मंग चहा प्यायले. भुकटी तशीच उघडी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माल त्यांच्याच गावचा आहे, हे मला ठाऊक होतं. बोलून गेलो, "गावचा माल म्हणून कळवळा आला वाटतं!"

भाऊ दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभे राहिले.

"म्हनूनच हात लावत नाई. तुमीच करा. पुन्हा जास्त निघालं तं सही करतो."

चरफडत खल भट्टीत वाळवला, बंद भांड्यात निवू दिला. पोत्यातून नवे खडे काढले, झटपट कुटले, लगेच बाटलीत घालून बूच लावलं आणि तोललं. नमुना ज्यात टाकायचा, त्या फ्लास्कमधल्या मिथेनॉलचं स्वतःचं पाणी तपकिरी औषध सोडून आधी संपवलं. रंग टिकला तेव्हा नमुना आत टाकला, झाकण लावलं, रिकामी बाटली पुन्हा तोलली. टाकताना मी श्वास रोखला होता. मागे भाऊंचाही श्वास ऐकू येत नव्हता.

तीनदा केलं. तिन्हीदा पाणी मर्यादेच्या आत निघालं.

मी पहिला कागद फाडला. मान वर करायची लाज वाटत होती. "भाऊ, चुकलं माझं. बोललो तेही चुकलं."

"बाटलीले झाकण लावा अन् बाहेर जाऊन त्याइले सांगा. कवाचे बसून हायत बिचारे."

"तुम्हीच सांगा ना."

"मोजलं तुमी. सांगायचं बी तुमीच."

पुढे मी मोठ्या प्रयोगशाळांत गेलो, साहेबाचा मोठा साहेब झालो. हाताखालच्या पोरांनी मला काय नाव ठेवलं होतं, ते मला ठाऊक होतं. त्याचा मला अभिमानच होता. भाऊ गेल्याची तार आली, तेव्हा माझ्या हातात नमुन्याची बाटली होती. आधी झाकण लावलं. मग रडलो.