ओहोटीचं पाणी

"पुन्हा करून दाखवा," असं म्हणून सर प्रबंध दोन बोटांनी टेबलाच्या पलीकडच्या कडेला सारत. रागाने नव्हे, ताटातली नको असलेली भाजी बाजूला सारावी तसा. मग चष्मा काढून डोळे चोळत. बोईसरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रबंधावर त्यांची सही हवी असेल, तर आधी सगळा प्रयोग त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा करावा लागे. मी शेजारच्या वनस्पतिशास्त्रात शिकवायचो. भिंतीपलीकडून ते तीन शब्द इतके ऐकलेत की झोपेतही ओळखेन.

कँटीनवाल्यालाही सूट नव्हती. "काल चहा झकास झाला होता. पुन्हा करून दाखवा." तो वैतागून म्हणायचा, "सर, चाय है, प्रयोग थोड़ी है!" असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. सगळे त्याला टाळतात आणि अडलं की त्याच्याचकडे जातात.

सर मूळचे सोलापूरकडचे. पाण्याला भारी घाबरत. शिरगावच्या किनाऱ्यावर आमची सहल गेली की सर चपलांची राखण करत बसायचे. त्याची आम्ही यथेच्छ टिंगल केली. त्या भीतीचा त्यांच्या विज्ञानाशी काही संबंध असेल, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सरांचं नाव झालं होतं ते खाडीच्या पाण्यातलं शिसं मोजायच्या एका पद्धतीमुळे. तरुणपणी तिच्यावरच त्यांनी पीएच.डी. केली. तेव्हा विद्यापीठाने पाठवलेले परीक्षक दिवसभर प्रयोगशाळेत बसले, प्रयोग करवून घेतला आणि संध्याकाळी बोंबील खाऊन गेले. "तपासणं म्हणजे ते बघा," सर सांगायचे. पुढे ती पद्धत ठिकठिकाणी वापरात आली.

मग त्यांच्याकडे हर्षला आली. नवापूरच्या मच्छीमाराची मुलगी, आमच्याकडे कंत्राटावर शिकवणारी. पीएच.डी. झाली तरच नोकरी कायम व्हायची आशा. ती बाबांच्या होडीतून ऐन भरतीला पाणी आणायची. त्यात स्वतःच्या हाताने मोजून शिसं घालायची, आणि सरांच्या पद्धतीने मोजलं की उत्तर यायचं, शिसं जवळजवळ नाहीच.

"पुन्हा करून दाखव."

तिने करून दाखवलं. पुन्हा तेच. किती वेळा झालं असेल कोण जाणे. एकदा ती आमच्या खोलीत येऊन रडली. "सर, माझा हातच वाईट आहे का हो?"

शेवटी सर स्वतः तिच्या बाबांच्या होडीत चढले. मीही होतो. सरांच्या एका हातात बाटली, दुसऱ्या हातात होडीची कड, डोळे गच्च मिटलेले. "सर, घाबरू नका, आमी हाय ना," तिचे बाबा म्हणाले. "नाय बुडायची." सरांनी मान डोलावली, पण डोळे काही उघडले नाहीत.

ते पाणी त्यांनी स्वतः तपासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. मग आमच्या खोलीत येऊन म्हणाले, "पोरीचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

तरुणपणी होडीत बसायची छाती नव्हती, म्हणून ते कायम ओहोटीलाच जात, चिखलातून चालत. ओहोटीला खाडीत नदीचं गोडं पाणी जास्त. भरतीचं मीठ त्यांच्या पद्धतीच्या आड येतं, हे त्यांना कधी दिसलंच नाही. परीक्षकांपुढेही ओहोटीचंच पाणी ठेवलं होतं. "आणि लोक माझ्या भरवशावर खाऱ्या पाण्यात शिसं नाही असं सांगत असतील," ते म्हणाले. असा उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

सर, हर्षला नि मी विद्यापीठात गेलो; सरांना आपली पीएच.डी. परत करायची होती. अधिकारी सज्जन होता, खुर्ची दिली. "सर, पदवी काढून घ्यायची तरतूद लिखाणाच्या चोरीसाठी आहे. चुकीसाठी नाही."

"बरं, मग हिचं काम तरी तपासा. माणूस पाठवा."

"आता माणूस कुठे पाठवतो, सर? पेपर छापून आणा आणि चोरी नसल्याचा दाखला जोडा. तपासायचं ते जर्नल तपासतं."

जर्नलने हर्षलाचा पेपर परत पाठवला. निष्कर्ष मान्य पद्धतीशी जुळत नाहीत, मूळ लेख नीट वाचावा, असा शेरा होता. मूळ लेख सरांचा! सर खो खो हसले. मग त्यांनी जर्नलला लिहिलं, तो लेख माझाच आहे आणि तो चुकीचा आहे. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं यंत्राचं उत्तर आलं.

"पुन्हा करून बघायला कुणाला वेळ नाही हो," सर म्हणाले. "जो तो दुसऱ्याच्या सहीखाली सही करतो." ते फार थकले होते. खरं सांगतो, मला विद्यापीठाचा संताप आला, तसा सरांचाही आला. सुखाने निवृत्त व्हायचं सोडून ही उठाठेव कशाला? आणि तरी त्या माणसावरून जीव ओवाळून टाकावासा वाटायचा.

निवृत्तीनंतरही ते पत्रं लिहीत राहिले. गेल्या थंडीत गेले. हर्षलाचा प्रबंध अजून 'पेपर छापून आणा' याच पायरीवर आहे, नि ती अजून कंत्राटावर.

कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्यांनी हारासमोर उभं राहून सांगितलं, "सरांची पद्धत आजही जगभर वापरली जाते. हीच त्यांची खरी पुण्याई!" माना हलल्या. हर्षला उठून उभी राहिली.

"सर, ती पद्धत चुकीची आहे. सरांचंच म्हणणं होतं तसं. पुन्हा करून—"

"आज नको गं," कुणीतरी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

मग प्राचार्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. आम्ही सगळे अगदी नीट उभे राहिलो.