इंदूच्या कागदावरची साक्ष

उन्हाळ्यात वर्षभराच्या चटणीसाठी मिरच्या आणल्या आणि मी आणि माझी बायको इंदू दारात देठ खुडायला बसलो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. माझी एक मिरची होईतोवर इंदूच्या चार व्हायच्या, आयुष्यभर तसंच. त्या दिवशी तिच्या बोटांतनं मिरची निसटायला लागली.

"मिरच्या वल्या हायत," ती म्हणाली.

मिरच्या कडकडीत वाळलेल्या होत्या.

मग हातातनं ताटली पडली. मग जीभ जड झाली, बोलणं दारू प्यायल्यागत. नसांच्या डॉक्टरनं सुया टोचून तपासणी केली. आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो. आत बोलावून डॉक्टर म्हणाले, "मोटर न्यूरॉन डिसीज." म्हणजे हातापायाला, जिभेला हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात. डोकं मात्र शाबूत राहतं. सगळं कळत राहतं.

"औषध?" मी विचारलं.

"थोडं लांबवता येईल. बरं करता येणार नाही."

"आणि शेवटी?"

"शेवटी श्वासाचे स्नायू, काका."

मी चौथीपर्यंत शिकलेला, मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलत म्हातारा झालेला माणूस. मला एवढंच कळलं की महापुरात पंचगंगेचं पाणी पायरी पायरीनं घराकडं चढतं आणि आपण आत बसून बघतो, तसं हे चढणार. आज हात. उद्या गिळणं. आणि जिच्यात चढणार तिला प्रत्येक पायरी दिसणार.

पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरला स्वतःच सांगितलं. अडखळत, पण कळेल असं. "मला सुई देऊन मोकळं करा."

डॉक्टर चिडले नाहीत. खुर्ची जवळ ओढून बसले. म्हणाले, "मावशी, सुई देऊन मारणं आपल्या कायद्यात बसत नाही. मी दिली तर तो गुन्हा. पण मशीन नको, नळ्या नको, नुसता त्रास कमी करा, हे म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. शुद्धीवर आहात तोवर ते लिहून ठेवा."

त्याला लिव्हिंग विल म्हणतात. जितेपणी केलेलं इच्छापत्र. जमिनीचं नव्हे, स्वतःच्या शरीराचं. नोटरीपुढं करायचं, दोन साक्षीदार लागतात. वकील म्हणाला, साक्षीदार बाहेरचे बघा, वारसातले नकोत.

मला वाटलं, ह्यात काय अवघड? आमच्याकडं साक्षीला कमी नाही. कर्जाला जामीन म्हणून न वाचता सही ठोकणारी माणसं माझ्या ओळखीची. पण हा कागद म्हटल्यावर एकेक जण सरकायला लागला. एकाला चष्मा सापडेना. एक म्हणाला, "आबा, उद्या पोलीस केस झाली तर?" एक तर तोंडावरच बोलला, "बायको मारायच्या कागदावर माझी सही? बाकी काय बी सांगा."

आमची शेजारीण हौसाक्का. परसातल्या गटारीवरनं तिचं आणि इंदूचं वैर. वर्षानुवर्षं बोलणं नाही, बोललं तर भिंतीवरनं शिव्या. तिच्या कानावर हे गेलं. सरळ घरात आली.

"काय गं इंदे, मरायचा कागद करतीस म्हणं?"

इंदू म्हणाली, "व्हय. तुझ्या गटारीच्या वासातनं तरी सुटंन."

हौसाक्का हसली नाही. म्हणाली, "माझ्या भावाला त्या मशीनवर बघितलंय मी. नळी उपसंल म्हणून हात कॉटला बांधलं हुतं. डोळ्यांनी मागत हुता, सोडा. कुणी सोडलं न्हाय. आण तो कागद."

दुसरी सही तिच्या नवऱ्यानं केली. तो बायकोच्या शब्दाबाहेर नाही. नोटरीनं सगळं वाचून दाखवलं आणि इंदूला विचारलं, कुणाची जबरदस्ती आहे का. ती म्हणाली, "ह्यांची? ह्यांचं घरातली म्हैस बी ऐकत न्हाय." नोटरीसुद्धा हसला. पुढं महिन्याभरात तिला म्हैस म्हणता येईना.

शेवटी ती फक्त पापण्यांनी बोलायची. एकदा मिटली की होय. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात छातीत कफ भरला आणि दवाखान्यात ठेवलं. तोंडावर बायपॅप लावलं. म्हणजे हवा आत ढकलणारा मास्क, नळी नव्हे. पलीकडं व्हेंटिलेटर नुसताच उभा होता, बंद. मी दिवसभर त्याच्याकडं बघायचो. तो माझ्याकडं बघतोय असं वाटायचं.

तिला गुंगी यायला लागली, पापणीचं उत्तर येईना, तसा मी कागद डॉक्टरांना दिला. हे माहीत असू द्या, नुसत्या कागदावर काही होत नाही. आधी दवाखान्यातल्या डॉक्टरांची समिती बघते, मग दुसरी, तिच्यात बाहेरचा डॉक्टर असतो. दोन्हींनी बघितलं. आमचा पोरगा सतीश पुण्याहून आला होता, त्याला बसवून समजावलं. ठरलं, नळी घालायची नाही.

आणि ठरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा श्वास लागला.

मी ते लिहू शकत नाही. मास्कच्या आत मासळीगत तोंड. सतीश ओरडला, "आबा, आई गुदमरतीय! लावा म्हणा की!" आणि मी म्हणालो, "लावा डॉक्टर. लावा मशीन. फाडा तो कागद."

ज्यानं वकील गाठला, नोटरी गाठला, त्यानंच हे म्हटलं.

हौसाक्का चहा घेऊन आली होती. तिनं किटली खाली ठेवली आणि माझ्या आणि त्या मशीनच्या मधे उभी राहिली. "आबा, गप बसा. डॉक्टर, ह्यांचं ऐकू नका. हे आत्ता स्वतःसाठी मागत्यात. तिनं माझ्यासमोर सांगितलंय आणि मी सही केलीया. त्रास तेवढा थांबवा तिचा."

डॉक्टरांनी मॉर्फिन वाढवलं. अफूपासून होणारं औषध. मारायला नव्हे, गुदमरल्याची भीती आणि तडफड कमी करायला देतात. हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. संध्याकाळच्या आत ती गेली. हात मोकळे होते. एक माझ्या हातात, एक सतीशच्या.

तुमच्यावर ही वेळ आली तर माझं ऐका. कागद वेळेत करा. पण साक्षीला तुमच्या जिवाभावाचं माणूस धरू नका, ते ऐनवेळी मोडतं. मी मोडलो. तुमच्याशी भांडायची ज्याच्यात धमक आहे असं माणूस धरा. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण त्या बाईचं ऋण फिटायचं नाही.

माती देऊन आलो तोवर गल्लीत कुजबुज पसरली होती. शेजारणीनं वैर साधलं. सही करून मारली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजाऱ्यांकडनं भाकरी-आमटी येते. सकाळी सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. हौसाक्कानं भाकरी दारात ठेवून दिली होती, ती तशीच. मलकापूरचा माझा मेहुणा, इंदूचा भाऊ, मोठ्यानं म्हणाला, "त्या घरचं कुणी खायाचं न्हाय."

मी उठलो. तिची टोपली उचलून मधे आणली, सगळ्यांच्या पुढ्यात बसून एक भाकरी खाल्ली. मग एक मेहुण्याच्या ताटात ठेवली.

"खा," म्हणालो. "मशीन लावा म्हणून मी वरडत हुतो. तुझ्या भणीचं ऐकणारी ती एकटीच हुती."

तो खाईपर्यंत मी समोरनं हललो नाही.